कपाटातल्या बावीस गोधड्या

(तालुक्याच्या वाचनालयातलं भाषण, वाचण्यासाठी थोडं नीट करून)

नमस्कार. बोलायला लागायच्या आधी ही गोधडी उघडते. दोघी जणी पुढं या, टोकं धरा. थोडी वर. मागं दिसते ना? मधला हा एवढा पांढरा भाग नुसता मोकळा आहे, आणि डाव्या कोपऱ्यात लाल-पिवळ्या तिरप्या पट्ट्या, त्याही एकसारख्या नाहीत. घरी नेली तेव्हा सासूबाईंनी उलटून पालटून पाहिली आणि विचारलं, "अर्धीच राह्यली का वो?"

राहिली नव्हती. अमेरिकेत या पद्धतीला मॉडर्न क्विल्टिंग म्हणतात. ठसठशीत सपाट रंग, भरपूर मोकळी जागा, आणि पुष्कळदा आधी काही न आखता हाती येईल तो तुकडा जोडत जाणं. २००९ साली लॉस एंजेलिसमधल्या काही जणांनी गिल्ड काढलं, इंटरनेटवरून ते गावोगाव गेलं आणि २०१३च्या फेब्रुवारीत ऑस्टिनला त्यांचं पहिलं मोठं संमेलन भरलं. गिल्ड म्हणजे एका कामाच्या लोकांचं मंडळ. भाचीनं मला मोबाइलवर त्यांचे व्हिडिओ दाखवले, मी ते आमच्या ओसरीवर जमणाऱ्या बायांना दाखवले. एकीनं लगेच निकाल दिला, "हे तं माही आजी करे. तिच्याजवळ कापडच पुरे नाही."

म्हणजे आजीची मोकळी जागा नाइलाजाची, आणि यांची ठरवून सोडलेली. हा फरक मला फार दिवस छळत होता. आता नाही छळत. आजीलाही कापड कमी होतं म्हणून कोणता तुकडा कुठं लावायचा ते ठरवावंच लागायचं, आणि तिचा डोळा काही कमी नव्हता.

तर आमचं मंडळ. चौदा जणी आहोत. नोंदणी नाही, अध्यक्ष नाही, एक वही आहे. शुक्रवारी बाजार, म्हणून आम्ही बुधवारी बसतो. पण कापूस वेचणी लागली की ओसरी रिकामी. रोज बुडवून गोधडी शिवायला कोण येणार? म्हणून आमचं खरं काम मार्च ते जूनमधलं. बाहेर पंचेचाळीस अंशांचं ऊन आणि आम्ही मांडीवर पांघरूण घेऊन बसलेल्या. येणारा-जाणारा हसतो. हसू द्या, डिसेंबरात तोच विचारायला येतो.

आमची एक भिशी आहे, चिंध्यांची. दर महिन्याला प्रत्येकीनं हातभर सुती कापड आणायचं, चिठ्ठी काढायची, जिची निघेल तिला सगळा ढीग. पैशाच्या भिशीत भांडणं होतात, यात होत नाहीत असं मला वाटत होतं. एकदा एका इरकली काठावरून दोघी महिनाभर बोलल्या नाहीत.

आणि सगळ्यात अवघड काय असेल तर सुती चिंधी मिळणं. हसू नका. पऱ्हाटीच्या मुलखात राहतो आपण. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली, आणि आपला कापूस आपल्याच विदर्भात गिरणीत विणला जाऊ लागला. ती मिल आता नाही. आपला कापूस गाठी बांधून बाहेर जातो आणि परत येतो ते पॉलिस्टर. जुनं लुगडं किती घरांत शिल्लक आहे? आजच्या साड्या दिसायला छान, पण चार थर एकावर एक ठेवले की सरकतात, टाका ओढला की चुणी पडते, आणि अंगावर घेतलं तर घाम टिपत नाहीत. निवडणुकीनंतर एका भल्या माणसानं आम्हाला गळ्यातले दुपट्टे पोतंभर आणून दिले, सगळ्या पक्षांचे. वाटलं, एका गोधडीत सगळ्यांना एकत्र आणू. पण सगळेच पॉलिस्टरचे निघाले. आता आम्ही म्हाताऱ्यांची धोतरं, जुन्या चादरी, शाळेचे फिकटलेले शर्ट यांच्यावर भागवतो. कापड सुती आहे की नाही हे सांगायला आमच्यातली एक जण कडेचा दोरा काढून पेटवून बघते. सुताची राख होते, पॉलिस्टरची कडक गोळी.

शिवायची पद्धत थोडक्यात सांगते. त्यांच्याकडे वरचं कापड, मधे कापसाचा थर आणि खाली अस्तर, असे तीन थर. आपल्याकडे मधे कापूस नाही, जुन्या कापडाचेच थर. तो कापूस भरून टाके मारले की ती रजई झाली, तो पिंजाऱ्याचा धंदा. आपण कडेनं धावदोरा धरतो आणि फिरत फिरत मधे येतो. किती थर घ्यायचे यावर आमच्यात वाद झाला होता. जुन्या बायका पाच-सहा म्हणत होत्या. पण आपला हा खारपाणपट्टा, जमिनीतलं पाणीच खारं. बोअरच्या पाण्याला साबणाचा फेस येत नाही, आणि सहा थरांची ओली गोधडी पिळायला दोघी लागतात. घट बसायच्या आधी ज्यांनी गोधड्या धुतल्यात त्यांच्या खांद्यांना विचारा. लहान मुलांची गोधडी ज्याची त्याला धुता यावी म्हणून आम्ही तीनच थर घेतो.

आता ती बावीस गोधड्यांची गोष्ट. तीन वर्षांपूर्वी आम्ही एका मुलामुलींच्या वसतिगृहाला बावीस गोधड्या दिल्या. गावाचं नाव विचारू नका. हार झाले, फोटो झाला, भाषणात मला 'मातृहृदयी' म्हणाले. पौषात एकदा सहज गेलो. सकाळचे सात, थंडी अशी की बोलताना वाफ निघत होती, आणि पोरं पातळ चादरींत दोन-दोन मिळून झोपलेली. आमच्या गोधड्या लोखंडी कपाटात, घड्या घालून, कुलूप लावून. मधे डांबराच्या गोळ्यासुद्धा! तिथल्या बाई काही वाईट नव्हत्या. गोधड्या मळतील या खऱ्याच काळजीनं म्हणाल्या, "पोरं मयवतीन ना मॅडम. साहेब आले का अंथरतो."

येताना गाडीत कोणी बोललं नाही. मग एकजण म्हणाली, चूक आपलीच. आपण गोधड्या वसतिगृहाला दिल्या, पोरांना कुठं दिल्या?

हे वाक्य आमच्या वहीत तारखेसह लिहिलेलं आहे. त्यानंतर आम्ही तयार गोधडी देणं बंद केलं. आता प्रत्येक मुलानं घरून एक कापड आणायचं. बापाचा रुमाल, आईच्या पातळाचा काठ, धाकट्या भावाचं दुपटं, काहीही. ते कुठं लावायचं ते त्यानंच ठरवायचं आणि पहिले दहा टाके त्यानंच घालायचे. पोरांना सुई धरायला शिकवणं हे मला गोधड्यांपेक्षा जास्त आवडतं, पण ते राहू द्या. सुरुवातीला काहींना लाज वाटली. ठिगळाची लाज. त्यांना मी गाडगेबाबांचं सांगितलं. १८७६ साली इथून फार लांब नसलेल्या शेंडगावात जन्मलेला माणूस, आयुष्यभर चिंध्या पांघरून हिंडला. लोक त्याला कुठं चिंधेबुवा म्हणायचे, कुठं गोधडेमहाराज. पोरांवर परिणाम काय झाला? एकानं विचारलं, "मग त्याहीले थंडी नाही वाजे का?" मला उत्तर सुचलं नाही.

चाळीस गोधड्यांना दोन उन्हाळे लागले. पण त्या कपाटात गेल्या नाहीत. उचलायला गेलं की पोरगं उठून म्हणतं, ही माही हाय, हे माह्या बापाचं फडकं. मागच्या दिवाळीच्या सुट्टीनंतर वसतिगृहातून फोन आला, दोन गोधड्या चोरीला गेल्या म्हणून. चौकशी केली. पोरांनी घरी नेल्या होत्या. त्यातल्या एका गोधडीवर एका पोरीची लहान बहीण झोपते. आम्ही वहीत 'चोरी' असं न लिहिता 'पोचली' असं लिहिलं.

कोणी विचारतं, विकत का नाही? एक गोधडी पंधरा दिवस घेते. निंदणाच्या रोजानं हिशेब करा आणि तेवढे पैसे देणारं गिऱ्हाईक मला दाखवा. मिळालं तर विकू, तत्त्व वगैरे काही नाही.

एक शेवटचं सांगते. अमेरिकेत अलाबामा नदीच्या वळणावर गीज बेंड नावाचं काळ्या लोकांचं गाव आहे. तेही कापूसच पिकवायचे, दुसऱ्याच्या जमिनीवर. भाव पडला, आणि १९३२ साली उधारीपोटी त्यांची जनावरं, अवजारं, धान्य उचलून नेलं. तुम्हाला हे वेगळं समजावून सांगायला नको. त्याच गावात १९४२ साली मिसूरी पेटवे या बाईनं नवरा वारल्यावर त्याच्या शेतात घालायच्या कपड्यांची गोधडी शिवली. पुढं २००२ साली त्या गावच्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या आणि २००६ साली टपालाच्या तिकिटांवर आल्या.

हे मी एकदा बुधवारी वाचून दाखवलं. आमच्यात एकजण आहे, तिचा नवरा कर्जापायी गेला. दोन वर्षं ती दुसऱ्यांच्याच गोधड्या शिवत होती. पुढच्या बुधवारी तिनं पिशवीतून तीन शर्ट आणि एक पँट काढली. मी सवयीनं खिसा उसवायला कात्री लावली, तर म्हणाली, "तो राहू द्या." तसाच ठेवला, उघडा. त्याच्या शिवणीत अजून तंबाखूची भुकटी आहे. ती गोधडी आज आणलेली नाही, ती तिच्या घरी आहे, वापरात.

तर आम्ही बुधवारी दुपारी दोनपासून असतो. चप्पल बाहेर. सुई-दोरा आमचा, कापड तुमचं, आणि सुतीच आणा. ती कडेचा दोरा पेटवून बघणारी दारातच बसते.