नाका चुकवलेलं रक्त

(दृश्य : टेबलावर एक कागद. त्यावर १ ते २५ आकडे कसेही विखुरलेले. पेन्सिल एकावरून दोनावर, दोनावरून तीनावर सरकते आहे. शेजारी स्टॉपवॉच.)

चौथीतलं पोर खेळ म्हणून सोडवेल असा हा कागद. आकडे क्रमानं जोडत जायचे, एवढंच. पण तो ठेवला जातो यकृताच्या ओपीडीत, जन्मभर दुकानाचा गल्ला सांभाळलेल्या, शाळेत गणित शिकवलेल्या माणसांपुढे. पेन्सिल अकरापर्यंत येते आणि थांबते. बारा शेजारीच आहे. सापडत नाही.

दुखणं उजव्या बरगड्यांखालचं, मग परीक्षा डोक्याची कशासाठी?

(ग्राफिक : आतड्यांकडून यकृताकडे जाणारी जाड निळी शीर.)

आतड्यांमधून निघालेलं रक्त थेट हृदयाकडे जात नाही. ते आधी पोर्टल शिरेतून यकृतात येतं. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश याच वाटेनं येतं. पूर्वी गावाच्या वेशीवर जकात नाका असायचा, तशी ही सोय. तपासल्याशिवाय माल आत सोडायचा नाही. या मालात अमोनिया असतो. प्रथिनांमधून तो आतड्यातले जिवाणू तयार करतात, आतड्याच्या अस्तरातल्या पेशीही करतात. यकृत त्याचा युरिया बनवतं आणि युरिया लघवीवाटे निघून जातो. या रासायनिक चक्राचा उलगडा हान्स क्रेब्स आणि कुर्ट हेन्सेलाइट यांनी १९३२ साली केला.

सिरॉसिसमध्ये यकृत निबर होतं. दारू हे त्याचं एक कारण; हेपटायटिस बी आणि सी, लठ्ठपणा आणि मधुमेहाबरोबर येणारं फॅटी लिव्हर ही इतर कारणं. म्हणजे कधी थेंबही न घेतलेल्या आजीलाही सिरॉसिस होतो आणि नातेवाईक उगाचच खालच्या आवाजात बोलू लागतात. निबर यकृतात रक्त शिरेना झालं की पोर्टल शिरेतला दाब वाढतो आणि रक्त आडवाटा धरतं. नाका चुकवून अमोनिया सरळ मेंदूत पोहोचतो.

तिथे ॲस्ट्रोसाइट नावाच्या पेशी त्याला पकडून त्याचं ग्लुटामिन करतात. हे ग्लुटामिन पाणी ओढतं, पेशी फुगतात, मेंदूतल्या निरोपांची देवाणघेवाण बिघडते. अंगात जंतुसंसर्ग असेल तर तेवढ्याच अमोनियानं जास्त नुकसान होतं. डॉक्टर या अवस्थेला हेपॅटिक एन्सेफॅलोपॅथी म्हणतात.

(दृश्य : सेंट पीटर्सबर्गची जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

ही आडवाट माणसानं आधी स्वतःच्या हातानं खोदून पाहिली होती. १८७७ मध्ये निकोलाय एक (Eck) या रशियन लष्करी सर्जननं आठ कुत्र्यांवर शस्त्रक्रिया केली. पोर्टल शीर यकृतात न नेता थेट खालच्या महाशिरेला जोडली. जलोदरावर, म्हणजे पोटात पाणी साठण्यावर, उपाय सापडेल अशी त्याला आशा होती. सात कुत्री आठवड्याच्या आत मेली. आठवं अडीच महिने जगलं आणि एके दिवशी प्रयोगशाळेतून पळून गेलं. या एका फरार कुत्र्याच्या बळावर निकोलाय एकनं शस्त्रक्रिया सुरक्षित असल्याचं मत दिलं!

खरं काय होतं ते १८९३ मध्ये त्याच शहरात इव्हान पावलोव्ह आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. अशी जोडणी केलेली कुत्री मांस खाल्लं की चिडखोर व्हायची, लटपटायची, त्यांना झटके यायचे, शेवटी बेशुद्धी. माणसांमधलं चित्र स्पष्ट व्हायला १९५४ उजाडलं. लंडनमध्ये शीला शेरलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यकृताच्या रुग्णांच्या मेंदूतले बदल, ते आडवाटेचं रक्त आणि आहारातली प्रथिनं यांची सांगड घालून दाखवली. याच शेरलॉक पुढे १९५९ मध्ये ब्रिटनमधल्या वैद्यकशास्त्राच्या पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या.

(दृश्य : मध्यरात्रीचं घर. स्वयंपाकघरातला दिवा लागलेला.)

पुस्तकात या आजाराच्या पायऱ्या आहेत, शून्यापासून चारपर्यंत. चौथी म्हणजे कोमा. पण घरात आजार पायऱ्यांनी येत नाही. आधी झोप उलटी होते. माणूस दिवसा पेंगतो आणि रात्री दोनला उठून कपाट आवरायला घेतो. मग स्वभाव बदलतो. शांत माणूस सुनेवर खेकसतो, किंवा कधी न हसणारा उगाच हसत बसतो. सही बँकेत जुळत नाही. शर्टाची बटणं वरखाली लागतात. आज वार कोणता, विचारलं तर काल-परवाचा सांगतो आणि चूक दाखवली की रागावतो.

याला घरचे काय म्हणतात? वय झालं. म्हातारचळ. बाहेरचं काहीतरी लागलं. आणि पूर्वी पिणारा असेल तर, पुन्हा प्यायला. वर्षभर बाटलीला हात न लावलेल्या माणसाचा तोल जातो, जीभ जड होते, आणि घर त्याच्या खिशांची झडती घेतं. या आजारातली ही सगळ्यात वाईट गोष्ट, असं माझं मत आहे. बाजू मांडायला शुद्ध लागते, आणि नेमकी तीच हरवलेली असते.

(दृश्य : दोन हात पुढे केलेले, मनगटं मागे वळवलेली, बोटं पसरलेली.)

डॉक्टर रुग्णाला हात असे धरायला सांगतात, रस्त्यावर गाडी थांबवताना धरतो तसे. क्षणभर स्थिर राहून पंजे एकदम खाली पडतात, पुन्हा वर येतात. फडफड होते. दुसरी एक चाचणी तर कागदाशिवाय होते, म्हणून लिहिता-वाचता न येणाऱ्यांनाही चालते. एका मिनिटात आठवतील तेवढ्या प्राण्यांची नावं सांगायची. गाय, म्हैस, बैल, शेळी इथपर्यंत सगळेच धडाक्यात जातात. अडतं ते पुढे. वय आणि शिक्षण लक्षात घेऊनही नावं दहाच्या आत राहिली, तर डॉक्टर सावध होतात.

(दृश्य : औषधाची बाटली, मापाचं झाकण, चिकट पातळ औषध.)

आता ही बाटली. लॅक्ट्युलोज. योहानेस बिर्चर या डॉक्टरांनी १९६६ मध्ये या आजारावर ते वापरल्याचं प्रसिद्ध केलं आणि आजही उपचार त्यापासूनच सुरू होतो. ही साखर आपल्याला पचत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू तिचं आम्ल करतात, त्या आंबट वातावरणात अमोनिया रक्तात शिरू शकत नाही आणि मळाबरोबर बाहेर पडतो.

अडचण अशी, की केमिस्ट तिला ‘पोट साफ व्हायचं औषध’ म्हणून देतो. पोट साफ झालं की रुग्ण बाटली बंद करतो. चार दिवसांनी ॲम्ब्युलन्स. हे औषध बद्धकोष्ठासाठी दिलेलं नाही, मेंदूसाठी दिलेलं आहे, हे कुणीतरी घरच्यांना बसवून सांगायला हवं. गर्दीच्या ओपीडीत तेवढंच राहून जातं. रोज दोन ते तीन वेळा मऊ शौचाला व्हावी, इतपत मात्रा लागते. सात-आठ वेळा होऊ लागली तर अंगातलं पाणी आटतं, पोटॅशियम घसरतं आणि त्यानंही शुद्ध हरपते. म्हणून कमी-जास्त करणं डॉक्टरांना विचारून. आणि ग्लानीत असलेल्याच्या तोंडात चमच्यानं ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. त्याला हलवायचं थेट दवाखान्यात. तिथे नळीनं किंवा एनिमानं देतात.

मेंदूच्या बिघाडाचे असे झटके पुन्हा पुन्हा आले तर जोडीला रिफॅक्सिमिन देतात. हे प्रतिजैविक बहुतांशी आतड्यातच राहतं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २९९ रुग्ण होते, बहुतेक जण लॅक्ट्युलोजही घेत होते. सहा महिन्यांत रिफॅक्सिमिन घेणाऱ्यांपैकी २२ टक्के, तर न घेणाऱ्यांपैकी ४६ टक्के रुग्णांना पुन्हा झटका आला.

झटक्यामागे बहुतेकदा कारण सापडतं. बद्धकोष्ठ, जलोदराच्या पाण्यात झालेला संसर्ग, लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचा अतिरेक, पोटात रक्तस्राव. डांबरासारखी काळी शौचाला झाली तर ते रक्त असू शकतं, सकाळची वाट बघायची नाही. आणि झोपेची गोळी! रात्रीचा जागा राहतो म्हणून घरचे प्रेमानं गोळी देतात, आणि पेशंट सकाळी उठत नाही.

(दृश्य : ताट. वरण, भात, दही, मटकीची उसळ.)

पावलोव्हच्या कुत्र्यांची सावली आपल्या ताटावर फार वर्षं राहिली. डाळ बंद, दूध बंद, अंडं बंद. २००४ मध्ये बार्सिलोनातल्या डॉक्टरांनी रुग्णांचे दोन गट करून पाहिलं : प्रथिनं तोडल्यानं झटका लवकर ओसरत नाही, उलट अंगातले स्नायू झिजतात. आणि यकृत थकलेलं असताना अमोनिया पचवण्याचं काम हेच स्नायू करतात. आता शिफारस आहे ती रोज प्रतिकिलो वजनामागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनांची. ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. डाळी-कडधान्यं आणि दूध-दही अशा रुग्णाला मांसापेक्षा सोसतं, म्हणजे आपलं रोजचं ताट कामाचंच आहे. उपास मात्र नको, आणि झोपण्यापूर्वी थोडं खाणं हवं. गावोगावी तोंडी चालणारं पथ्य अजून जुनंच आहे.

(दृश्य : महामार्ग. समोरून येणारे दिवे.)

फडफड नाही, बोलणं व्यवस्थित, तरीही तो आकड्यांचा कागद अडतो, अशीही एक छुपी अवस्था असते. अशा माणसाला स्कूटर चालवताना आपलं लक्ष उशिरा वळतंय हे कळत नाही. वाहन चालवावं का, हा प्रश्न घरच्यांनीच डॉक्टरांपुढे काढावा लागतो.

शेवटचा उपाय यकृताचं प्रत्यारोपण. त्यानंतर बहुतेकांचं डोकं निवळतं, काहींमध्ये थोडी कसर उरते. प्रत्यारोपणाची निकड मोजायला जगभर मेल्ड नावाचा गुणांक वापरतात. त्यात बिलिरुबिन येतं, क्रिएटिनिन येतं, रक्त गोठण्याचा वेग येतो, सोडियमही धरतात. मेंदूचा बिघाड त्यात धरलेला नाही. महिन्यातून तीनदा दवाखान्यात भरती होणाऱ्याचा आकडाही त्यामुळे कमीच दिसू शकतो. फाइलमध्ये या भरत्या, या रात्री तारखेनिशी लिहिलेल्या असतील, तरच डॉक्टरांना त्याची बाजू मांडता येते.