लव्हिंग काउंटी : रहिवासी नेमके कोण?

पश्चिम टेक्सासच्या कोरड्या माळरानावर, मेंटोन या वस्तीत १९३५ साली बांधलेली विटांची इमारत म्हणजे लव्हिंग काउंटीचे कोर्टहाउस. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा राज्याचा विभाग. सुमारे १,७५० चौरस किलोमीटरच्या या काउंटीत २०२० च्या जनगणनेने ६४ माणसे मोजली.

काउंटीला नाव मिळाले ते ऑलिव्हर लव्हिंग यांचे. गुरांचे कळप पेकोस नदीच्या काठाने उत्तरेकडे हाकत नेणारे हे व्यापारी १८६७ साली कोमांची या मूळनिवासी जमातीच्या योद्ध्यांच्या हल्ल्यात जखमी झाले आणि त्या जखमांनीच दगावले. त्यानंतर वीस वर्षांनी, १८८७ साली, काउंटीची हद्द नकाशावर आखली गेली. माणसे मात्र तिथे जवळजवळ नव्हतीच. १८९० च्या जनगणनेत इथली लोकसंख्या होती तीन.

असे असताना, १८९३ साली डेन्व्हरहून आलेल्या काही मंडळींनी पेकोसचे पाणी कालव्याने शेतीला देण्याची योजना पुढे केली आणि काउंटीला स्वतःचे शासन मिळावे यासाठी जो अर्ज दाखल झाला, त्यावर १५० मतदारांच्या सह्या होत्या. तीन वर्षांत तिनाचे दीडशे कसे झाले, हा प्रश्न कोणालाही पडावा. शासन मिळाले खरे, पण अखेर १८९७ साली राज्याच्या विधिमंडळाने ते बरखास्त केले आणि काउंटी शेजारच्या रीव्हज काउंटीला जोडली.

१९२० च्या दशकात तेल लागले, कामगार आले आणि १९३१ साली काउंटीची दुसऱ्यांदा स्थापना झाली. दोनदा स्थापन झालेली टेक्सासमधील ही एकमेव काउंटी.

इथे एकही नगरपालिका नाही, त्यामुळे रस्त्यांपासून कायदा-सुव्यवस्थेपर्यंतचा बराचसा भार काउंटीवरच पडतो. कारभार पाहणाऱ्या मंडळाला ‘कमिशनर्स कोर्ट’ म्हणतात. नावात कोर्ट असले तरी ते मुख्यतः अंदाजपत्रक आणि कराचे दर ठरवते. त्यात चार कमिशनर असतात आणि अध्यक्षस्थानी ‘काउंटी जज’. या जजने वकील असलेच पाहिजे, अशी अट नाही. आपल्याकडच्या जिल्हाधिकाऱ्यासारखी त्याची नेमणूक वरून होत नाही. तो, कमिशनर, शेरीफ म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, आणि दप्तर सांभाळणारा क्लार्क, सगळेच मतपेटीतून येतात. एडना रीड क्लेटन ड्यूईस १९४५ साली शेरीफपदी आल्या, पुढे निवडूनही आल्या आणि शेरीफ म्हणून निवडून आलेल्या टेक्सासमधील पहिल्या महिला ठरल्या. त्यांनी कधी पिस्तूल बाळगले नाही आणि कारकिर्दीत अटक केली ती फक्त दोघांना.

माणसे कमी असली तरी पैसा कमी नाही. टेक्सासमध्ये जमिनीखालच्या तेल-वायूवरही मालमत्ता कर बसतो आणि इथली करपात्र मालमत्ता अब्जावधी डॉलरच्या घरात आहे. मुले मात्र शाळेसाठी शेजारच्या काउंटीतील विंक गावी जातात.

एवढ्या पैशाचा कारभार मूठभर मतांवर ठरत असल्याने खरा वाद होतो तो मतदार यादीवरून. घराण्याची जमीन इथे, पण मुक्काम दुसरीकडे, अशांची नावेही या यादीत आहेत, कारण टेक्सासच्या कायद्यानुसार रहिवास ठरवताना परत येण्याचा इरादाही विचारात घेतला जातो. २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीत, मुलाबाळांसह ६४ लोकसंख्येच्या या काउंटीत ६६ मते पडली.