पोटाशी बोलणारी माणसं

गरोदर बाईशी बोलताना समोरच्याची नजर कुठे असते, कधी पाहिलंय? चेहऱ्यावरून घसरते आणि पोटावर थांबते. 'कितवा महिना?' हा प्रश्नसुद्धा पोटालाच विचारल्यासारखा असतो.

बार्बरा फ्रेड्रिक्सन आणि टोमी-ॲन रॉबर्ट्स यांनी १९९७ साली वस्तूकरणाचा सिद्धांत मांडला. बाईला माणूस म्हणून न पाहता अवयवांची बेरीज म्हणून पाहिलं जातं, आणि पुढे तीही स्वतःकडे त्याच परक्या डोळ्यांनी पाहू लागते, असं त्यांचं म्हणणं. पुढच्याच वर्षी फ्रेड्रिक्सन आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना स्विमसूट घालायला दिला, काहींना स्वेटर, आणि त्याच कपड्यांत गणितं सोडवायला लावली. स्विमसूटमधल्या बायकांची गणितं जास्त चुकली. पुरुषांना कपड्यांनी काही फरक पडला नाही. खोलीत बघणारं कुणी नव्हतं, नुसता आरसा होता!

मग गरोदरपणात तरी यातून सुटका होत असेल? आयरिस मॅरियन यंग या तत्त्वज्ञ बाईंनी १९८४ साली लिहिलं होतं की गरोदर शरीर 'आकर्षक' मानलं जात नाही, म्हणून त्या काळात बाईला नजरेपासून थोडी मोकळीक मिळू शकते. मला हे अर्धंच पटतं. नजर हटत नाही, फक्त अवयव बदलते. काल कंबर पाहत होती, आज पोट पाहते. आत राहणारी बाई तिला कालही दिसली नव्हती.

आणि या नजरेला गोड बोलताही येतं. २००७ साली मिशेल हेबल आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी काही तरुणींना कपड्यांच्या आत खोटं पोट बांधून दुकानांत पाठवलं होतं. गिऱ्हाईक म्हणून गेल्या की नको इतकी आपुलकी, लाडीक हाका, अंगाला हात लावणं. त्याच नोकरी मागायला गेल्या की मात्र उद्धटपणा. पोट तेच, खोटंच! फरक इतकाच की दुसऱ्या वेळी त्या पोटापलीकडचं काहीतरी मागत होत्या. न विचारता पोटावर हात ठेवणारे बहुतेक जण प्रेमळच असतात, हे मला मान्य आहे. पण दुसऱ्या कुणाच्या पोटाला ते असा हात लावतील?

प्रसूतिकक्षात हे जास्त महागात पडतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली प्रसूतीच्या वेळी होणाऱ्या गैरवागणुकीवर निवेदन काढलं. अपमानास्पद बोलणं, संमतीशिवाय केलेले उपचार, वेदनाशामक नाकारणं, हे सगळं त्यात नोंदलेलं आहे. बाळंतपणानंतर तर 'पूर्वीसारखी कधी होणार?' हा प्रश्न तयारच असतो. म्हणजे जुनी नजर परत ड्यूटीवर हजर.

मला काळजी वाटते ती आणखी एका गोष्टीची. पोटातल्या बाळाची हालचाल मंदावणं ही दुर्लक्ष करू नये अशी खूण असते, आणि ती बहुतेकदा पहिल्यांदा आईलाच कळते, तीही आतून. आता वर्षानुवर्षं स्वतःकडे बाहेरून बघायला शिकलेली एक बाई डोळ्यांपुढे आणा. 'आज बाळ कमी हलतंय' हे तिला जाणवतं. मग ती म्हणते, 'मलाच उगाच वाटत असेल.' आणि शेजारचं माणूस, तिच्या पोटाकडे बघतच, म्हणतं, 'हो, उगाचच.'