सावळी नायिका, मेकअपची डबी आणि आपली तक्रार

नमस्कार मंडळी. मालिकांत माणसं कशी दाखवतात याबद्दल वाहिनीला तक्रारीचं पत्र पाठवायचा विषय आज इथं अमेरिकेतल्या आपल्या मंडळींत निघालाय, म्हणून बोलतो. मी मूळचा पांढरकवड्याकडचा, यवतमाळ जिल्ह्यातला. आमच्याकडच्या बाया मालिकांवर जी टीका करतात, ती आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या टीकेपेक्षा जास्त चोख असते, हे आधीच सांगून टाकतो.

‘रंग माझा वेगळा’ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. स्टार प्रवाहवर २०१९ साली सुरू झाली. सावळ्या मुलीचा रंगापायी होणारा छळ हा तिचा विषय. त्यातल्या नायिकेला मेकअपनं सावळं केलं होतं. आमच्या काकू ते बघून म्हणाल्या, "पोरगी गुनाची हाय, पन याईले काळी पोरगी भेटलीच नाई का जी?" काकू दिवसभर उन्हात कापूस वेचून आलेल्या.

आता यात न्याय कसा करायचा? सासू सुनेच्या रंगाला नावं ठेवते, म्हणून मालिका वाईट, असं काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. ते त्या पात्राचं मत झालं, आणि लग्नाच्या बाजारात रंगाला काय भाव असतो हे मालिकेनं रोज रात्री घराघरांत उघड बोलून दाखवलं, याचं श्रेय तिला द्यायलाच हवं. मालिका करणाऱ्यांचं मत मात्र भूमिका कुणाला दिली त्यात दिसतं. काकूंनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. नटीला शिव्या घालायचं कारण नाही. निवड तिनं केलेली नसते.

आता इकडची, अमेरिकेतली ‘द वायर’ ही मालिका घ्या. एचबीओवर २००२ ते २००८, बाल्टिमोर शहराची गोष्ट. गर्द विकणारी काळी पोरं त्यात भरपूर आहेत. पण पोलीस अधिकारी, गोदी कामगार, राजकारणी, शाळकरी मुलं, यांतही काळी माणसं आहेत. त्यामुळे एखादा गुंड काळा निघाला तरी सगळ्या समाजावर शिक्का बसत नाही.

आमच्या यवतमाळच्या भागात कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत. महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी ही एक. दुसऱ्या दोन माडिया गोंड आणि कातकरी. कोलामांची स्वतःची कोलामी भाषा आहे. कपाशी, तूर, जंगल, पोरांची आश्रमशाळा, सावकाराचं देणं, असा त्यांचा संसार. पण पडद्यावर आदिवासी म्हटलं की बहुतेक वेळा पिसं, भाला आणि ‘झिंगालाला’. (आपल्याकडे एका गणपतीत असाच नाच बसवला होता. नाव घेत नाही, बसवणारे पहिल्या रांगेत बसलेत.) इकडे कुणी आपल्या बोलण्याची नक्कल केली की आपल्याला लगेच लागतं, त्या नाचाला मात्र वन्स मोअर मिळाला होता.

तर वाहिनीला पत्र पाठवूच. फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एक क्लिप बघून सही करू नका. निदान आठवडाभराचे भाग बघा. आणि पत्रात एक मागणी मी घालणार आहे: विदर्भातली गोष्ट असेल तर पात्रं निवडायला यवतमाळ, गडचिरोलीपर्यंत या. झाडीपट्टीतली, म्हणजे पूर्व विदर्भातली, माणसं दर हंगामात रात्र-रात्रभर नाटकं करतात, नट शोधायला फार फिरावं लागणार नाही.