प्रकट वाचनाला नेहमी तीच चार मुलं का उठतात? | भावी शिक्षकांसाठी

नमस्कार मंडळी. डी.एल.एड. किंवा बी.एड. करताय, लवकरच छात्रसेवाकालासाठी, म्हणजे इंटर्नशिपसाठी, शाळेत जाणार आहात, तर हा व्हिडिओ तुमच्यासाठी. शाळा ठाण्यात किसननगरची असो, कळव्याची असो, नाहीतर नवी मुंबईत दिघा-तुर्भ्याची, दुसरी-तिसरीच्या वर्गात एक मूल हमखास भेटेल. धडा पहिल्या ओळीपासून घडाघडा म्हणेल. मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवलंत, की गप्प. धडा तोंडपाठ आहे, वाचता येत नाही.

सराव पाठात हे मूल कधी सापडत नाही. टाचण, म्हणजे पाठाचा आराखडा, आठवा. आदर्श वाचन तुमचं. मग सगळ्या वर्गाचं अनुकरण वाचन, त्यात हे मूल सुरात सूर मिसळून निघून जातं. आणि प्रकट वाचनाला, म्हणजे एकट्याने मोठ्याने वाचायला, आपण उठवतो कोणाला? ज्याला येतं त्याला. मागे निरीक्षक बसलेत, घड्याळ पळतंय, पाठ अडकायला नको. यात तुमचा दोष कमी आहे, गुणच तसे मिळतात. फलकलेखनाला गुण, तक्त्याला गुण. कोणतं मूल नेमकं कुठे अडतंय हे ओळखायला सहसा काही नाही.

एनसीटीई, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद, हिच्या 2014च्या नियमांनुसार दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये शाळेत काढायचे 20 आठवडे असतात. त्यातली रोजची पाच मिनिटं काढा. एका मुलाच्या शेजारी बसा. शेजारी हं, समोर नाही. एक वाक्य द्या आणि ऐका.

(स्क्रीनवर: आईने गरम भाकरी केली.)

एक मूल वाचेल, "आईने गरम भाजी केली." पहिलं अक्षर बघितलं, पुढचं अंदाजाने. त्याला शब्द शेवटपर्यंत बघायची सवय लावायची. भाकरी, भाजी, भांडी असे शब्द शेजारी-शेजारी ठेवा. दुसरं मूल म्हणेल, "ग... र... म... भा... क... री..." आणि थांबेल. अक्षरं येतात, जुळत नाहीत. याला पुन्हा मुळाक्षरं गिरवायला बसवलंत तर वेळ फुकट. तिसरं अगदी सफाईने वाचेल, आणि "भाकरी कोणी केली रे?" विचारलं की तुमच्याकडे बघत राहील. त्याच्या घरी कदाचित मराठी बोलतही नसतील. त्याला गप्पा हव्यात, गोष्टी हव्यात, शब्द कानावर पडायला हवेत.

आणि प्रगतिपुस्तकात तिघांनाही एकच शेरा: वाचनाचा सराव करावा!

1986 साली गफ आणि टनमर या अभ्यासकांनी हे गुणाकारात मांडलं होतं. लिपी उलगडणं गुणिले भाषा समजणं, म्हणजे वाचन. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही मोठी असू दे, उत्तर शून्यच.

एक चौथं मूलही असतं. 'पाणी'चं 'पानी' वाचतं, 'डोळा'चं 'डोला'. आगरी किंवा कोळी घरातलं असेल. त्याने शब्द बरोबर ओळखलाय, फक्त घरच्या उच्चारात म्हटलाय. तिथे टोकू नका. सारखं टोकलेलं मूल मोठ्याने वाचायचंच सोडून देतं.

आपण म्हणतो, मराठी काय, जशी लिहिली तशी वाचायची. बरं, 'बसला' म्हणा. पुन्हा म्हणा. 'बस्ला' म्हणालात ना? मूल मात्र प्रामाणिकपणे ब-स-ला म्हणतं. 'दिवस'मध्ये डोळ्याला आधी वेलांटी दिसते, तोंडात आधी 'द' यावा लागतो. 'सूर्य'मधला 'र' म्हणायचा 'य'च्या आधी, आणि तो बसलाय 'य'च्या डोक्यावर. 'चार'मधला 'च' वेगळा, 'चाक'मधला वेगळा. आपल्याला हे जाणवत नाही, कारण आपण वर्षानुवर्षं वाचतोय. म्हणून पहिलीला शिकवण्याआधी स्वतःच्या वाचनाकडे असं परक्या नजरेने बघायला शिकावं लागतं. कॉलेजमध्ये याचे तास हवेत, अगदी फळ्यावर एकेक शब्द फोडत.

आता वेगाबद्दल थोडक्यात. निपुण भारत अभियान 5 जुलै 2021 ला सुरू झालं. 2026-27 पर्यंत तिसरीच्या शेवटी प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, हे उद्दिष्ट. त्यात तिसरीसाठी मिनिटाला किमान 60 शब्द, असा आकडा आहे. आकडा वाईट नाही, पण हातात स्टॉपवॉच आलं की मुलांची शर्यत लागते आणि 'समजून' हा शब्द मागे पडतो. वेळ मोजा जरूर, पण वाचून झाल्यावर एक प्रश्न विचारल्याशिवाय मुलाला जागेवर पाठवू नका.

आणि पालक. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 24: पालकांशी नियमित बैठक घेणं, मुलाची हजेरी आणि प्रगती त्यांना सांगणं हे शिक्षकाचं कर्तव्य आहे. कायद्यात हे एका ओळीत संपतं. प्रत्यक्षात पालक सभा कधी ठेवतात? कामाच्या दिवशी, सकाळी अकराला. आई चार घरची कामं करते, वडील रिक्षा चालवतात किंवा एपीएमसी मार्केटात माल उचलतात. सभेला यायचं तर खाडा. मग दोघं येत नाहीत आणि स्टाफरूममध्ये शेरा पडतो, 'पालकांना काही पडलेलीच नाही'. हा शेरा मला अजिबात पटत नाही.

आपल्याकडे वेगळं उदाहरण आहे की. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांनी जिथे काम केलं ते कोसबाड गाव. आज ते पालघर जिल्ह्यात आहे, पण 2014 पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होतं. गुरं राखणारी आदिवासी मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळा कुरणात गेली. कुरणशाळा. तुमच्यासाठी कुरण म्हणजे शाळा सुटताना गेटवर मिळणारी दोन मिनिटं.

वर्गशिक्षकांची परवानगी घ्या आणि त्या दोन मिनिटांत तक्रार करू नका. "तुमची मुलगी वाचतच नाही" हे ऐकून आई घरी जाऊन काय करेल? रागावेल, फार तर क्लास लावेल. त्याऐवजी, "ताई, आज तिने या चार ओळी वाचल्या. रात्री तुम्हाला वाचून दाखवेल, तुम्ही फक्त ऐका आणि 'मग काय झालं?' एवढं विचारा." ताईंना स्वतःला अक्षरओळख नसली तरी हे जमतं. अडलेला शब्द सांगता आला नाही, तर त्याखाली पेन्सिलीने रेघ मारून उद्या शाळेत आणू दे. घरी हिंदी, कन्नड किंवा बंजारा लोकांची गोरमाटी बोलत असतील तर त्याच भाषेत गोष्ट सांगू दे. "घरी मराठीच बोला" असा सल्ला देऊ नका, गोष्टी थांबतील.

व्हॉट्सॲप ग्रुपवर लांबलचक सूचना टाकतो ना आपण? ज्या पालकांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी व्हॉइस मेसेज टाका. घोडबंदर रोडच्या टॉवरमधले पालक वाचतील, पण त्यांना वेळ नाही. तिथे आजीला धरा.

याचा सराव कॉलेजमध्येच करता येतो. एकीने शिक्षिका व्हायचं, दुसरीने आई. आई घाईत आहे, कडेवर धाकटं रडतंय, मोबाइल वाजतोय. शिक्षिकेकडे दोन मिनिटं. बाकीच्यांनी एवढंच लिहायचं: आईला काय करायचं ते कळलं का, आणि कोण जास्त बोललं? दुसऱ्या फेरीत आईला मराठी येत नाही असं धरा. तिसऱ्या फेरीत आई चिडलेली आहे, कारण मागच्या वर्षीच्या बाईंनी सगळ्यांदेखत तिच्या मुलीला 'ढ' म्हटलं होतं. या तिसऱ्या फेरीला जास्त वेळ द्या.

करून बघितलंत तर आई झालेली मैत्रीण काय म्हणाली ते खाली लिहा. जोडाक्षरं पुढच्या व्हिडिओत.