पॉइंट शिकवायचा नसतो, राखायचा असतो

मित्रहो, आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी मूळचा सोलापूरचा. नान्नजच्या माळावर माळढोक बघायला बाबांनी मला सायकलच्या दांडीवर बसवून नेलं होतं, तो दिवस मी विसरलेलो नाही. आपल्याकडे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीनं शिकारीचे उरलेसुरले परवानेही गेले. ते योग्यच झालं. माळढोकाच्या आजच्या अवस्थेत बंदुकीचाही वाटा आहे. तेव्हा आज शिकारी कुत्रं तयार करण्याबद्दल जे सांगणार आहे ते अमेरिकेतल्या मिनेसोटातलं, जिथे मी राहतो. तिथे परवाना लागतो, हंगाम ठरलेला असतो आणि रफ्ड ग्राउझ हा रानपक्षी दिवसाला पाचापेक्षा जास्त मारता येत नाही.

मला नेहमी विचारतात, कुत्र्याला पॉइंट करायला शिकवता कसं? पॉइंट म्हणजे पक्ष्याचा वास आला की कुत्रं जागच्या जागी थिजतं. शेपूट ताठ, एक पंजा अधांतरी, नाक पक्ष्याच्या दिशेनं. खरं सांगायचं तर हे कुणी शिकवत नाही. मांजर उंदरावर झेप घेण्याआधी क्षणभर दबा धरतं ना, तोच हा क्षण. माणसानं पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तो लांबवला. बंदूक प्रचारात यायच्या आधी युरोपात सेटर जातीची कुत्री पक्ष्यापुढे जमिनीला चिकटून बसायची आणि शिकारी त्यांच्या अंगावरून पुढे जाळं ओढायचे. म्हणजे हा गुण रक्तातच आहे. आपलं काम तो बिघडू न देण्याचं.

आणि बिघडतो तो फार लवकर. माझ्या पहिल्या कुत्रीच्या वेळची गोष्ट. जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर, सहा महिन्यांचं पिल्लू. सरावासाठी मी पिंजऱ्यात वाढवलेले लावे आणले. रात्री पाऊस झालेला, गवत ओलं, पक्ष्यांचे पंख भिजलेले. तिनं छान पॉइंट केला, मी जवळ गेलो, लावा हातभर उडाला आणि खाली पडला. तिनं झडप घातली आणि तोंडात धरला. तेवढं पुरे झालं. पुढे थांबायचं कशाला, धावलं की मिळतो, हे तिला एका सकाळी कळलं. ते तिच्या डोक्यातून काढायला माझा अख्खा हंगाम गेला.

म्हणून आता मी दमदार कबुतरं वापरतो. स्प्रिंगचा एक छोटा पिंजरा येतो. त्यात कबुतर ठेवून तो गवतात लपवायचा. पिल्लाला वीस-तीस फुटांच्या दोरावर घ्यायचं आणि वाऱ्याला आडवं चालवत न्यायचं. पक्ष्याचा वास वाऱ्याबरोबर पंख्यासारखा पसरत जातो, आणि पिल्लू त्या पंख्याच्या कडेला शिरलं की मान झटक्यात वळते. ती मान वळणं बघायला मी पहाटे चार वाजता उठतो! मग तोंडानं काही बोलायचं नाही. पिल्लू थबकलं तर थांबायचं. त्यानं एक पाऊल पुढे टाकलं की रिमोटचं बटण दाबायचं, कबुतर भुर्रकन वर. ओरडणं नाही, दोराला हिसका नाही. थोड्याच दिवसांत पिल्लाला उमगतं की पुढे सरकलं की पक्षी जातो, उभं राहिलं तर तो समोरच राहतो. हा धडा पक्ष्याकडूनच मिळायला हवा. माणसानं रागावून शिकवला तर पिल्लू पक्ष्यालाच घाबरायला लागतं, वास आला तरी बाजूनं निघून जातं. 'थांब' हा शब्द मी वेगळा शिकवतो, अंगणात, जेवणाच्या वाडग्यापुढे. आणि हो, मराठीतच.

बंदुकीच्या आवाजाबद्दल तर हात जोडून सांगतो. नव्या पिल्लाला सवय व्हावी म्हणून लोक त्याला नेमबाजीच्या मैदानावर नेऊन बांधतात. असं करू नका. आवाजाची भीती पिल्लू क्वचितच जन्मतः घेऊन येतं, बहुतेक वेळा ती आपणच घालतो, आणि एकदा बसली की निघता निघत नाही. पिल्लू कबुतरामागे देहभान विसरून धावत असताना शंभर पावलांवरून कुणीतरी नुसत्या आवाजाचं पिस्तूल उडवावं. त्यानं कान टवकारले तरी त्या दिवशी तेवढ्यावरच थांबावं. जवळ यायला आठवडे लागले तर लागू द्यावेत.

जाणती कुत्री पॉइंटवर असताना दुसऱ्या कुत्र्यानं मागे थांबायचं, गोळी सुटेपर्यंत हलायचं नाही, हे सगळं दुसऱ्या वर्षी. पहिल्या वर्षी फक्त रान आणि पक्षी. नियम एकच: पिल्लानं धसमुसळेपणानं उठवलेल्या पक्ष्यावर गोळी झाडायची नाही, तो कितीही सोप्या टप्प्यात असो.

गेल्या ऑक्टोबरात माझी आताची पिल्ली, चिमी, ॲस्पनच्या कोवळ्या झाडीत होती. सकाळभरात तीन ग्राउझ तिनं उठवले. तिन्ही वेळा माझी बंदूक खालीच. तिनं माझ्याकडे वळून बघितलं, मी चालत राहिलो. मग एका ओढ्याच्या काठी तिच्या गळ्यातल्या घंटेचा आवाज थांबला. आल्डरच्या झुडपांत ती वाकडी उभी होती, धावता धावता वळून तिथेच गोठल्यासारखी. ओठ थरथरत होते. मी तिच्या बाजूनं पुढे गेलो. तीन हातांवर, पाल्याच्या रंगात मिसळलेला वुडकॉक पक्षी, त्याचा मोठा काळा डोळा तेवढा दिसला. तो पंखांची शीळ वाजवत सरळ वर गेला. मी मागे बघितलं. चिमीचा पंजा अजून अधांतरीच होता.