उचलबांगडी ते कुरणशाळा

पंतोजींच्या शाळेत शिस्तीची साधने ठरलेली होती. निरगुडीचा ओला फोक, अंगठे धरून ओणवे उभे राहणे, उठाबशा, आणि जो शाळेत फिरकतच नसे त्याची उचलबांगडी. चार दांडगी मुले त्याच्या घरी जात, हातपाय धरून त्याला उचलत आणि रडत-ओरडत असलेल्या त्या जिवाला पंतोजींपुढे आणून टाकत. हे मूल शाळेत का येत नाही, असा प्रश्न तेव्हा सहसा कुणाला पडत नसे.

तो प्रश्न बालशिक्षणाला वाहून घेतलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना पडला. १९४५ साली बोर्डीला आणि पुढे डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी काम उभे केले, तेव्हा वारली पाड्यांवरची मुले शाळेपासून लांबच राहत होती. ती हट्टी नव्हती आणि आळशी तर मुळीच नव्हती. मुलगे गुरांमागे रानात असत आणि मुलींच्या कडेवर धाकटे भावंड असे. म्हणून शाळाच त्यांच्याकडे गेली. पाड्यावरच्या अंगणात बालवाडी भरली, आणि गुराख्यांना गुरांवर नजर ठेवून शिकता यावे यासाठी कुरणशाळा निघाली. ज्या गैरहजेरीबद्दल इतरत्र मुलाच्या पाठीवर वळ उठले असते, तिचे कारण घरच्या गरिबीत होते, हे ओळखण्यातच त्यांचे मोठेपण आहे, असे आम्हांला वाटते.

ताराबाईंनी गुजरातेत भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्यासोबत स्वीकारलेल्या, मुलाला आपल्या गतीने शिकू देणाऱ्या माँटेसरी पद्धतीत शिक्षेला जागा नाही, आणि आजही अनेक पालकांना खटकेल अशी गोष्ट म्हणजे, बक्षिसालाही नाही. कारण खाऊच्या आशेने गप्प बसलेले मूल छडीच्या भीतीने गप्प बसलेल्या मुलाइतकेच परावलंबी असते.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांवर बंदी घातली. स्वीडनने मात्र १९७९ मध्येच घरातला मारही कायद्याने थांबवला होता. आपल्याकडे दिवसभर राबून आलेल्या आईचा हात संध्याकाळी उठतो, तेव्हा त्यामागे बहुधा दुष्टपणा नसतो, थकवा असतो. पण गाल मुलाचाच लाल होतो.

माँटेसरी बालवर्गात शांततेचा एक खेळ खेळतात. मुले डोळे मिटून बसतात, बाई खोलीच्या दुसऱ्या टोकाला जातात आणि अगदी हलक्या आवाजात एकेकाचे नाव घेतात. ज्याचे नाव ऐकू येते तो पावलांचा आवाज न करता उठून बाईंपाशी जातो, आणि बाकीची मुले आपल्या नावाची वाट पाहत निश्चल बसून राहतात.